होमारे सावा : मधल्या फळीतली बावीस वर्षं



फुटबॉलमध्ये गोल करणाऱ्याचं नाव घरोघरी पोचतं. मधल्या फळीतला खेळाडू मात्र प्रतिस्पर्ध्याची चढाई तोडतो, चेंडू पुढे पोचवतो आणि लगेच बचावाला मागे धावतो. जपानच्या होमारे सावा यांनी राष्ट्रीय संघासाठी हे काम बावीस वर्षं केलं.

त्यांचा जन्म १९७८ चा, टोकियो परिसरातल्या फुचूचा. भावाच्या मागोमाग मैदानावर गेलेली ही मुलगी आधी मुलग्यांबरोबर खेळली. बाराव्या वर्षी ती महिलांच्या राष्ट्रीय लीगमध्ये उतरली. १९९३ साली, पंधराव्या वर्षी, जपानकडून पहिलाच सामना खेळताना तिने फिलिपिन्सविरुद्ध चार गोल केले.

पुढे पडता काळ आला. देशात मंदी होती. महिलांचे संघ पोसणाऱ्या कंपन्यांनी हात आखडता घेतला. २००० च्या सिडनी ऑलिंपिकसाठी जपान पात्रही ठरला नाही. सावा यांनी खेळ सोडला नाही. त्या अमेरिकेत गेल्या आणि तिथल्या क्लबांकडून खेळल्या. २००४ मध्ये ऑलिंपिक पात्रतेच्या सामन्यात दुखऱ्या गुडघ्यानिशी त्या उत्तर कोरियाविरुद्ध उतरल्या. टोकियोच्या स्टेडियममध्ये तीस हजारांवर प्रेक्षक होते. जपानने ३-० असा विजय मिळवला.

मग आलं २०११. मार्चमधल्या भूकंपाने आणि त्सुनामीने देश हादरला होता. जून-जुलैत जर्मनीत महिलांचा विश्वचषक झाला. फ्रँकफर्टच्या अंतिम सामन्यात अमेरिकेने दोनदा आघाडी घेतली. जादा वेळेतलं ११७ वं मिनिट. सहकारी अया मियामाची कॉर्नर किक आली, बत्तीस वर्षांच्या सावा झेपावत पुढे गेल्या आणि उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेने त्यांनी चेंडू जाळ्यात धाडला. बरोबरी! पेनल्टी शूटआउटमध्ये जपान ३-१ असा जिंकला. फुटबॉलचा विश्वचषक जिंकणारा हा आशियातला पहिला संघ. स्पर्धेत सर्वाधिक पाच गोल आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान, दोन्ही सावा यांचेच.

सहा विश्वचषक, चार ऑलिंपिक, २०५ आंतरराष्ट्रीय सामने. डिसेंबर २०१५ मध्ये कोबेच्या क्लबकडून शेवटचा सामना खेळताना त्यांनीच हेडरने एकमेव गोल करून करंडक जिंकून दिला.

मंडळी, पहिल्या सामन्यापासून विश्वचषकापर्यंत जायला त्यांना जवळपास अठरा वर्षं लागली. त्यातली कित्येक वर्षं ना पैसा होता, ना गर्दी. त्या टिकून राहिल्या, म्हणून मियामासारख्या धाकट्या खेळाडूंना शेजारी उभं राहून शिकता आलं.

आता आपल्याकडे वळू. २०२२ मध्ये महिलांचा आशियाई चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला. जपानचा संघ आपल्या पुण्यातल्या बालेवाडीच्या मैदानावर खेळला. तशा मैदानावर आपल्या मुलींनी उतरावं, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी त्यांचा संघ केवळ स्पर्धेपुरता जमवून भागणार नाही. तालुक्याच्या मैदानावर तो वर्षभर खेळत राहील, हरला तरी खेळत राहील, एवढी तजवीज आपण करायला हवी.