विजेचा कुकर आणि घरचें वरण

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यांत कुंभार पिंपळगांव नांवाचें गांव आहे. समर्थ रामदासांचें जन्मस्थान जांब हें याच तालुक्यांतलें. गांवाच्या नांवांतच कुंभार आहे. आणि रोजच्या स्वयंपाकाची गोष्ट सांगावयाची तर ती कुंभाराच्या मडक्यापासूनच सुरू केलेली बरी. चुलीवर मडकें, मडक्यांत तुरीची डाळ आणि जवळ बसलेली घरांतील एक स्त्री, हें चित्र मराठवाड्यांत पिढ्यान् पिढ्या फारसें बदललें नव्हतें. डाळ शिजावयास तास लागो कीं दीड तास, लांकूड पुढें सारावयास, फेंस काढावयास, आटलेलें पाणी पुन्हां घालावयास कोणीतरी तेथें असलेंच पाहिजे. या कामांत हातांचे श्रम थोडे, पहारा फार. विजेवर चालणाऱ्या दाबाच्या कुकरनें हा पहारा आपल्याकडे घेतला आहे. त्यानें काय घेतलें आणि काय घेतलें नाहीं, हें श्रोत्यांनीं नीट समजून घेण्यासारखें आहे.

प्रथम मडक्यांत डाळीस इतका वेळ कां लागतो तें पाहूं. समुद्रकांठीं पाणी १०० अंश उष्णतेवर उकळतें. जालना शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ५०० मीटर उंच आहे. तेथें तें ९८ अंशांच्या आसपासच उकळूं लागतें. त्यानंतर चुलींत कितीही लांकडें घातलीं तरी उघड्या भांड्यांतील पाणी त्याहून अधिक तापत नाहीं. वाफ मात्र अधिक निघून जाते. हीच वाफ घट्ट झांकणाखालीं कोंडली तर दाब वाढतो आणि पाणी १२० अंशांपर्यंत तापूं शकतें. देनी पापँ नांवाच्या फ्रेंच विद्वानानें १६७९ सालीं लंडन येथें असें भांडें तयार केलें. दाब मर्यादेपलीकडे गेल्यास वाफ आपोआप बाहेर पडावी म्हणून त्यानें झांकणास एक झडपही बसविली. १६८२ सालीं रॉयल सोसायटीच्या सभासदांस त्यानें या भांड्यांत शिजविलेलें जेवण वाढलें. त्यांत हाडेंसुद्धां मऊ झालीं होतीं.

आपल्या देशांत ‘कुकर’ हा शब्द प्रथम आला तो मात्र दाबाच्या भांड्याबरोबर नव्हे. कलकत्त्याचे डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनीं १९१० च्या सुमारास ‘इकमिक कुकर’ काढला. एका उभ्या नळकांड्यांत डब्यांची चळत, खालीं कोळशाची शेगडी. सारें अन्न नुसत्या वाफेवर सावकाश शिजे. पुढें १९५९ सालीं मुंबईंत हॉकिन्सचा कारखाना निघाला, आणि शिट्टीचा कुकर हळूहळू मध्यम स्थितीच्या घरांत शिरला. शिट्टी म्हणजे वस्तुतः जास्तीच्या वाफेची सुटका. परंतु गृहिणींनीं तिचें घड्याळ केलें. वरणाला तीन, चण्यांना सहा, असें गणित आईकडून मुलीकडे जाऊं लागलें.

विजेच्या कुकरमध्यें हें गणित चालत नाहीं. त्याच्या बुडाशीं तापणारी तबकडी असते. आंतील दाब ठराविक मर्यादेस पोंचला कीं विजेचा प्रवाह आपोआप थांबतो, दाब उतरूं लागला कीं पुन्हां सुरू होतो. वाफ फारशी बाहेर पडतच नाहीं, म्हणून शिट्टीही नाहीं. कुंभार पिंपळगांवासारख्या गांवांतून पुण्यास शिकावयास गेलेला मुलगा खोलीवर असा कुकर आणतो आणि दूरध्वनीवरून विचारतो, “आई, वरणाला किती शिट्ट्या?” आई म्हणते, “तीन कर, मग बारीक आंचेवर ठेव.” येथें दोघांचीही अडचण होते. आईचें ज्ञान खोटें नाहीं. पण तें ज्या खुणेंत सांठविलें होतें, ती खूणच नाहींशी झाली. तेव्हां तें ज्ञान आतां मिनिटांत, पाण्याच्या मापांत आणि डाळीच्या स्वभावांत सांगावयास हवें.

तें असें सांगतां येईल. तुरीची डाळ धुवून अर्धा तास भिजवावी. एक वाटी डाळीस तीन वाट्या पाणी पुरे, कारण पाणी आटत नाहीं. हळद, हिंग आणि चमचाभर तेल आधींच घालावें. तेलानें फेंस कमी येतो. भांडें निम्म्याहून अधिक भरूं नये. चिंच, आमसूल किंवा टोमॅटो मात्र डाळ शिजल्यावरच घालावा. आंबटानें डाळ दडदडीत राहते. विंधनविहिरीचें पाणी जड असेल तरीही डाळ हट्ट धरते. अशा वेळीं पुष्कळजण खाण्याचा सोडा टाकतात. त्यानें डाळ मऊ होते खरी, पण ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतें. त्यापेक्षां अधिक वेळ भिजविणें किंवा गोडें पाणी वापरणें चांगलें. दाब आल्यावर दहा मिनिटें आणि त्यानंतर वाफ आपोआप जिरावयास दहा मिनिटें द्यावीं. दाब येईपर्यंतचा वेळही धरला पाहिजे. एकंदर पस्तीस-चाळीस मिनिटें होतात. जाहिरातींतील ‘दहा मिनिटांत डाळ’ या शब्दांवर भिस्त ठेवून पाहुण्यांची पानें मांडूं नयेत.

डाळीचा डबा खालीं आणि तांदळाचा वर, ही आपली जुनी रीत येथेंही चालते. बाहेर दीड-दोन वाट्या पाणी असावें. मेथी, चुका यांसारख्या पालेभाज्यांस मात्र इतका वेळ सोसत नाहीं. त्या झांकण न लावतां निराळ्याच शिजवाव्या. आणि भाकरी? ती तव्यावरच व्हावयाची. ज्वारीचें पीठ थापणारा हात अजून कोणत्याही कुकरला फुटलेला नाहीं. मराठवाड्याच्या घरांत निम्मा स्वयंपाक भाकरीचा, हें विसरून ‘आतां कामच उरलें नाहीं’ असें घरांतील पुरुषांनीं म्हणूं नये.

खर्च व धोका यांविषयीं दोन शब्द. एक हजार वॉटचा कुकर पंधरा मिनिटें अखंड तापला तर पाव युनिट वीज लागते. दाब आल्यावर तो थांबून थांबून तापतो. त्यास चार-पांच अँपिअर प्रवाह लागत असल्यामुळें तीन खिळ्यांचा, जमिनीशीं तार जोडलेला खटकाच वापरावा. बारीक तारेच्या लांबणीवर तो लावूं नये. मध्येंच वीज गेली तर झांकणाशीं झटापट करूं नये. झांकणावरील पिन आपोआप खालीं बसली म्हणजेच आंतील दाब उतरला असें समजावें. झांकणाची रबरी कडी व वाफेची झडप दर वेळीं धुवून पाहावी. चोंदलेली झडप हा खरा धोका आहे.

हें सारें मिळून पहाऱ्याचें काम यंत्राकडे गेलें. डाळ कोणती, जुनी कीं नवी, पाणी कसें आहे, शिजली कीं नाहीं, हा निर्णय माणसाकडेच राहिला. जालना जिल्ह्यांतच बदनापूर येथें कृषि संशोधन केंद्र आहे. तेथें तयार झालेला बीडीएन ७११ हा पांढऱ्या तुरीचा वाण मराठवाड्यांत पेरला जातो. तूर बदलते, गिरणी बदलते, साठवणीचे महिने वाढतात, आणि त्याप्रमाणें तीच दहा मिनिटें कधीं पुरतात, कधीं पुरत नाहींत. म्हणून त्या पुण्याच्या मुलास आईनें शेवटीं जें सांगावयाचें तें इतकेंच: झांकण उघडल्यावर एक दाणा दोन बोटांत दाबून पाहा. विरघळला तर घोट, नाहीं तर आणखी चार मिनिटें ठेव.

चुलीपाशीं ठाण मांडून बसण्याची गरज होती तोंवर तें काम एकीच्याच गळ्यांत राहिलें. दुसऱ्या कोणास तेवढी सवड नाहीं, हें कारण सांगतां येत होतें. आतां तें कारण उरलेलें नाहीं. डाळ धुणें, पाणी मापणें आणि दाणा दाबून पाहणें हें दहा वर्षांच्या मुलासही वडिलधाऱ्यांच्या देखत शिकतां येतें. ज्या घरांत हा कुकर आला असेल त्या घरानें एक साधा नियम करून पाहावा: संध्याकाळीं जो प्रथम घरीं येईल, मग तो मुलगा असो, सून असो कीं स्वतः यजमान, त्यानें डाळ भिजत घालावी. चुलीपाशीं ज्या बाईची उभी हयात गेली, तिला ताटावर बसल्यावर दुसऱ्याच्या हातचें वरण मिळेल.