पिसवांबद्दल आभार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी एक पुस्तक वाचले गेले, त्याविषयी चार शब्द बोलते. पुस्तक इंग्रजी आणि माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा धाकटी मुलगी वाची व अर्थ सांगे, मी भाजी निवडीत ऐके. कोरी टेन बूम या हॉलंडातील ख्रिस्ती बाईंची ही कहाणी. १९७१ साली ती 'द हायडिंग प्लेस' या नावाने प्रसिद्ध झाली.

हार्लेम गावात त्यांचे वडील कॅस्पर हे घड्याळजी. खाली दुकान, वर बिऱ्हाड. बेट्सी व कोरी या दोन अविवाहित मुली बापाजवळच राहत. एक घर सांभाळी, दुसरी घड्याळे दुरुस्त करी. १९४० साली जर्मनांनी देश घेतला. पुढे यहुदी लोकांची धरपकड सुरू झाली, तेव्हा या घराने त्यांना आसरा दिला. कोरीबाईंच्या खोलीत खोटी भिंत उभारली. तिच्यामागे अगदी अरुंद जागा. आत शिरायचे ते कपाटाच्या खालच्या फळीकडून, सरपटत. घंटा वाजली की जेवणाची जास्तीची ताटे उचलायची, गाद्या उलटवायच्या, कारण गादी हाताला ऊबदार लागली तर कोणी निजले होते हे कळे. हा सराव पुनःपुन्हा चाले. आपल्या शेजारणी नुसत्या कपबश्यांवरून पाहुणा ओळखतात, तेव्हा या सरावाचे मोल तुम्हांला सांगायला नको!

२८ फेब्रुवारी १९४४ रोजी छापा पडला. भिंतीमागचे सहा जण सापडले नाहीत. घरची माणसे मात्र धरली गेली. ८४ वर्षांचे कॅस्पर दहा दिवसांतच कैदेत असताना वारले. दोघी बहिणी अखेर जर्मनीतील रावेन्सब्रूकच्या छळछावणीत गेल्या.

तिथल्या बराकीत पिसवांचा सुळसुळाट. बेट्सी म्हणाली, यांच्याबद्दलही देवाचे आभार मानू. कोरीबाईंना ते पटेना. पुढे उमगले की पिसवांच्या भीतीने पहारेकरणी आत येत नसत, म्हणूनच तिथे पवित्र शास्त्र वाचता येई.

ही गोष्ट आपल्याकडे उपासनेत बरेचदा साक्ष म्हणून सांगतात आणि तिथेच थांबतात. मला तसे थांबता येईना. बेट्सी त्याच छावणीत १६ डिसेंबर १९४४ रोजी वारली. कोरीबाई थोड्याच दिवसांनी सुटल्या. देवाने कोरीला वाचविले म्हणावे, तर बेट्सीचे काय? मुलीने हे विचारले तेव्हा मी भाजीकडेच पाहत राहिले. आणि हॉलंडातले एक लाखाहून अधिक यहुदी मारले गेले, त्यांचे काय? मारणाऱ्यांत बाप्तिस्मा झालेले कितीतरी होते, हेही आपण वाचताना गिळू नये. पिसवांबद्दल आभार मानण्याचा अधिकार बेट्सीचा, कारण चावत होत्या त्या तिला. पोटभर जेवून बसलेल्या मी दुसऱ्याच्या दुःखाबद्दल आभार मानणे मला शोभत नाही.

१९४७ साली म्युनिकच्या एका चर्चमध्ये कोरीबाई क्षमेवर बोलल्या. नंतर एक मनुष्य हात पुढे करून आला. तो त्याच छावणीतला पहारेकरी! त्याने त्यांना ओळखले नव्हते; त्यांनी त्याला ओळखले. बाईंचा हात उचलेना. आत्ताच क्षमेवर भाषण केलेली बाई, आणि हात उचलत नाही! त्यांनी मनात प्रभूकडे मदत मागितली आणि हात लाकडासारखा पुढे केला. प्रेम आले ते हात दिल्यानंतर, असे त्या लिहितात. त्यांनी क्षमा केली ती स्वतःच्या व बहिणीच्या दुःखाची. यहुद्यांच्या वतीने क्षमा करणे त्यांच्याही हाती नव्हते, असे मला वाटते.

माझी आणि माझ्या एका जाऊबाईंची नऊ वर्षे बोलचाल नाही. कारण सासूबाईंचे तांब्याचे घंगाळ. छावणीपुढे घंगाळ काय, असे तुम्ही म्हणाल. मीही म्हटले, पण राग काही गेला नाही. प्रभूच्या प्रार्थनेत क्षमेचे वाक्य आले की माझा आवाज अजून बारीक होतो. नाताळात फराळाचा डबा घेऊन त्यांच्या दारापर्यंत गेले आणि कडी न वाजविता परत आले. डबा मुलांनी संपविला. येत्या रविवारी पुन्हा जाणार आहे, या वेळी धाकटीला बरोबर घेऊन, म्हणजे मागे वळता येणार नाही.