परदेशी निर्देशांकाचा वायदा

(नभोवाणीवरील भाषण)



वायदा हा शब्द ग्वाल्हेरच्या लोकांना परका नाही. मुरेना-भिंडकडची मोहरी शेतात उभी असतानाच तिचा पुढील महिन्याचा भाव आज ठरवून टाकावयाचा, हा व्यवहार आपल्या पेढ्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. परंतु अलीकडे थाटीपुरच्या सरकारी वसाहतीत राहणारा एखादा नोकरदार किंवा पेन्शनर रात्री जेवणखाण आटोपल्यावर मोबाईल उघडून बसतो, तो मोहरीचा भाव पाहण्यासाठी नव्हे. न्यूयॉर्कचा बाजार आपल्याकडील संध्याकाळी सात किंवा आठ वाजता उघडतो आणि मध्यरात्र उलटल्यावर बंद होतो. त्या बाजाराचा निर्देशांक उद्या चढेल की उतरेल, यावर येथूनच वायदा करता येईल काय, असा प्रश्न आज पुष्कळांच्या मनात आहे. त्याचा थोडा विचार आपण करू.

निर्देशांक म्हणजे निवडक कंपन्यांच्या शेअरांच्या भावांवरून काढलेला एक आकडा. आकड्याची पोती भरून कोणाच्या दारी पोचविता येत नाहीत. म्हणून या वायद्यात माल द्यावयाचा नसतो. मुदत भरताच भावातील फरक रोख चुकता करावयाचा असतो. असा पहिला वायदा अमेरिकेत कॅन्सस सिटी येथे 24 फेब्रुवारी 1982 रोजी सुरू झाला. त्यानंतर दोनच महिन्यांत शिकागोच्या बाजाराने एस अँड पी 500 या निर्देशांकाचा वायदा आणला. आपल्याकडे तो जून 2000 मध्ये आला. ज्याच्याजवळ शेअर पुष्कळ आहेत आणि ज्याला मंदीचे भय वाटते, त्याने वायदा विकून ठेवावा, म्हणजे एकीकडील तोटा दुसरीकडे भरून निघेल, हा त्याचा मूळ उपयोग. विम्यासारखीच ही सोय आहे, आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही.

अडचण येते ती अनामतीमुळे. बाजार हिला मार्जिन म्हणतो. शिकागोच्या एका लहान वायद्यात निर्देशांकाच्या प्रत्येक अंशामागे पाच डॉलर धरतात. समजा, निर्देशांक 6,000 आहे. म्हणजे सौदा झाला 30,000 डॉलरांचा. पण त्यासाठी सगळी रक्कम द्यावी लागत नाही. समजा, 2,500 डॉलर अनामत ठेवली की काम भागते. आता निर्देशांक शेकडा दोन टक्के उतरला, तर 600 डॉलर गेले. बाजार दोन टक्क्यांनी हलला, पण आपली अनामत जवळजवळ चौथाईने घटली. दररोज हिशेब होतो आणि तूट त्याच वेळी भरावी लागते. ती भरली नाही, तर दलाल आपणास न विचारता सौदा मोडून टाकतो. 16 मार्च 2020 रोजी हा निर्देशांक एका दिवसात सुमारे बारा टक्के घसरला. तशा दिवशी वरील सौद्यात 3,600 डॉलरांचा तोटा झाला असता. अनामत सारी जाऊन वर 1,100 डॉलर देणे निघाले असते. शेअर विकत घेणाऱ्याचे फार तर घातलेले पैसे जातात. वायदेवाल्याला त्याहून अधिक देणे लागू शकते. हा भेद ज्याला नीट कळला, त्याला या विषयाचा अर्धा भाग कळला.

आता कायद्याची बाजू पाहू. परकीय चलनाचा आपला कायदा 1999 चा आहे, आणि तो माणसाचा निवास कोठे आहे हे पाहतो. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली वर्षाकाठी अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठविता येते. शिक्षण, औषधोपचार, प्रवास, परदेशी शेअरांची खरेदी यांसाठी ही मुभा आहे. मात्र परदेशी बाजारात मार्जिन भरण्यासाठी एक डॉलरही पाठविण्यास त्याच योजनेत स्पष्ट मनाई आहे. कायदा मोडल्यास गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. 29 ऑगस्ट 2011 रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअरबाजाराने दोन अमेरिकी निर्देशांकांचे वायदे रुपयांत सुरू केले होते. तो मार्ग सरळ व कायदेशीर होता. परंतु तेथे आज ते व्यवहार चालत नाहीत.

मग मोबाईलवर ज्या जाहिराती दिसतात, त्या कोणाच्या? येथील एखाद्या खासगी खात्यात रुपये भरा, आम्ही तुमचे नाव अमेरिकेच्या बाजारात घालतो, असे सांगणारे पुष्कळ आहेत. पडद्यावर आकडे हलतात, पण प्रत्यक्ष सौदा कोठे होतो याचा पत्ता नसतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 पासून परकीय चलनाच्या अनधिकृत व्यापार-मंचांची यादी प्रसिद्ध केलेली आहे. तथापि यादीत नाव नाही, एवढ्यावरून कोणी अधिकृत ठरत नाही.

थाटीपुरातील ज्या घरचा मुलगा सिंगापूरला किंवा शिकागोला स्थायिक झाला आहे, त्याची गोष्ट निराळी. तो तेथील रहिवासी. त्याने तेथील कमाईतून तेथील कायद्याप्रमाणे वायदा करावा, यात आडकाठी नाही. त्याने आरंभ मात्र क्रमाने करावा. दलालाचा परवाना त्या देशाच्या नियामकाच्या नोंदवहीत स्वतः पाहावा. एका अंशाची किंमत किती, मुदत केव्हा भरते, हिशेब कोणत्या चलनात होतो, हे सौद्यापूर्वी कागदावर लिहून काढावे. काही महिने नुसते कागदी सौदे करून पाहावेत. किती तोटा झाला म्हणजे थांबावयाचे, तो आकडा आधी ठरवावा. आणि वडिलांची भविष्यनिर्वाह निधीची रक्कम या खेळात कदापि आणू नये. येथील मनाई चुकविण्यासाठी मुलाचे नाव पुढे करणे हे तर उभयतांनाही अडचणीत टाकणारे आहे.

सिंगापूरचे नाव निघाले, म्हणून सांगतो. 1762 साली स्थापन झालेली लंडनची बेअरिंग्ज पेढी फेब्रुवारी 1995 मध्ये बुडाली, ती जपानच्या निक्की निर्देशांकाच्या सौद्यांनी. निक लीसन नावाचा तिचा एक तरुण नोकर सिंगापुरातून हे सौदे करी आणि तोटा एका गुप्त खात्यात दडवी. 17 जानेवारीला कोबे येथे भूकंप झाला, बाजार कोसळला. तोटा भरून काढण्यासाठी त्याने सौदे वाढविले. अखेर ब्याऐंशी कोटी पौंडांहून अधिक तोटा उघडकीस आला आणि ती पेढी एका पौंडाला विकली गेली. आपल्या देशातील अनुभवही बोलका आहे. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार मार्च 2024 अखेरच्या तीन वर्षांत शेअरांच्या वायदे-व्यवहारांत उतरलेल्या वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी शेकडा 93 जणांना तोटा झाला. तो सरासरीने माणशी सुमारे दोन लाख रुपये होता. हे लोक आपल्याच बाजारात, आपल्याच भाषेत, दिवसाउजेडी व्यवहार करीत होते. रात्री जागून परक्या चलनात सौदा करणाऱ्याने हा आकडा विसरू नये.

तर मग अमेरिकेच्या उद्योगधंद्यांवर ज्याचा विश्वास आहे, अशा थाटीपुरच्या माणसाने करावे तरी काय? त्याला सरळ वाट मोकळी आहे. त्याच योजनेखाली, बँकेमार्फत, परदेशी कंपन्यांचे शेअर किंवा निर्देशांकावर आधारलेल्या निधीचे भाग पूर्ण किंमत देऊन घेता येतात. प्राप्तिकराच्या विवरणपत्रात त्यांची नोंद मात्र करावी लागते. डॉलरचा भाव आणि बाजाराची मंदी यांची जोखीम तेथेही आहे. परंतु मध्यरात्री पैसे भरा म्हणून कोणी दार ठोठावीत नाही.

टाटांच्या पोलाद कारखान्याला खेळते भांडवल हवे होते, तेव्हा चार लाख पौंडांचे सारे कर्जरोखे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी एकट्याने घेतले होते. त्यातही जोखीम होतीच; पण तो पैसा कारखान्याच्या कामी आला, आणि महाराजांच्या पदरी कारखान्याने लिहून दिलेला करार होता. आपली रक्कम लहान असेल. परंतु ती देण्यापूर्वी ती कोणत्या कामी जाणार आणि आपल्या हाती काय राहणार, हे दोन प्रश्न आपणही विचारू शकतो. परदेशी निर्देशांकाच्या वायद्याची जाहिरात पुढे आली म्हणजे हेच प्रश्न विचारावेत, आणि उत्तर मिळेपर्यंत पैसे आपल्या बँकेतच राहू द्यावेत.