रुपेरी पडदा आणि नेणीव



चित्रपट आणि मनोविश्लेषण ही जवळजवळ जुळी भावंडेच म्हणावी लागतील. ब्रॉयर आणि फ्रॉईड या व्हिएन्नाच्या दोन डॉक्टरांचा हिस्टेरियावरील ग्रंथ १८९५ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पॅरिसमध्ये ल्यूमिएर बंधूंनी तिकीट लावून हलती चित्रे दाखविली. एकाने स्वप्नांचा अर्थ शोधावयाचा आणि दुसऱ्याने स्वप्ने विकावयाची, अशी जणू वाटणीच झाली! पण या भावंडांचे सख्य मात्र जमले नाही.

हॉलिवूडचा निर्माता गोल्डविन याने प्रेमकथांच्या चित्रपटांसाठी फ्रॉईडला एक लाख डॉलर देऊ केले होते. १९२५ साली फ्रॉईडने त्याला साधी भेटही नाकारली. पुढच्याच वर्षी पाब्स्टचा 'एका आत्म्याची रहस्ये' या अर्थाच्या नावाचा जर्मन मूकपट निघाला. सुरी पाहताच पत्नीच्या हत्येची ओढ मनात उठते, म्हणून भयभीत झालेल्या रसायनशास्त्रज्ञाची ती कथा. फ्रॉईडचे सहकारी अब्राहाम आणि झाक्स यांनी तिला शास्त्रीय साहाय्य दिले. आपल्या अमूर्त कल्पना पडद्यावर समाधानकारकपणे दाखविता येणार नाहीत, असे स्वतः फ्रॉईडचे मत होते.

स्वप्नापुरते हे मत खोटे ठरले. हिचकॉकच्या 'स्पेलबाउंड' (१९४५) मधील स्वप्न चित्रकार दालीने रचले. पडद्यांवर रंगविलेले प्रचंड डोळे आणि ते कात्रीने कापणारा माणूस पाहून नेणिवेचे अस्तित्व कोणालाही पटावे.

खरी अडचण आहे ती उपचाराची. त्याच चित्रपटात स्मृती हरपलेल्या नायकाला बर्फाच्या उतारावर, आपल्या हातून बालपणी घडलेला भावाचा अपघाती मृत्यू एकाएकी आठवतो, वर्षानुवर्षांचे ओझे उतरते आणि प्रेक्षकांचा जीव भांड्यात पडतो. पण फ्रॉईडने १९१४ मध्येच लिहून ठेवले होते, की मनाचा विरोध रुग्णाला नुसता दाखवून देऊन भागत नाही. त्याची ओळख पटावयास, त्याच्याशी झगडून त्यावर मात करावयास रुग्णाला अवधी द्यावा लागतो. या कामी महिने, कधी वर्षेही जातात. दोन तासांच्या खेळात ते कसे मावावे?

हा दोष केवळ कलेचा असता, तर सोडून देता आला असता. परंतु घरातील कोणी मनाने आजारी पडले, की आपणही नकळत त्या एका चमत्काराच्या क्षणाची वाट पाहू लागतो. आणि तो आला नाही, की 'याला बरे व्हावयाचेच नाही' म्हणून रुग्णालाच बोल लावतो. नेणिवेची ओळख घरोघरी पोहोचविल्याबद्दल चित्रपटाचे ऋण अवश्य मानावे. मात्र आपल्या माणसाला बरे होण्यास किती दिवस द्यावयाचे, हे त्याच्याकडून शिकू नये.