टाका उलट्या बाजूने तपासा
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला ‘तुझ्या क्षेत्राबद्दल बोल’ असं सांगितलं होतं. माझं क्षेत्र सॉफ्टवेअर. त्याबद्दल बोलले तर चहाच्या आधीच निम्मा वर्ग झोपेल, आणि सरांनी खडू फेकून मारायचे दिवस आता गेले. म्हणून गेल्या वर्षी घरी बनवलेल्या एका छोट्या वस्तूबद्दल बोलते. ती सोबत आणली आहे, मागे टेबलावर ठेवली आहे. पेपरमिंटच्या गोळ्यांच्या डबीसारखी दिसते, पण तो हेडफोनचा ॲम्प्लिफायर आहे.

निमित्त साधं होतं. भावाने मला चांगले हेडफोन भेट दिले, २५० ओहमचे. फोनला लावले तर आवाज पूर्ण वाढवूनही गाणं शेजारच्या घरात चालल्यासारखं! कारण आपण दहावीत शिकलो तेच: व्ही बरोबर आय गुणिले आर. व्होल्टेज तेवढंच आणि रोध वाढला, की प्रवाह कमी होतो. ३२ ओहमच्या साध्या इअरफोनला जितकी शक्ती मिळते, त्याच्या जेमतेम आठव्या हिश्श्याइतकी या हेडफोनला मिळते. बाई, तुम्ही तो नियम पाठ करून घेतलात तेव्हा आम्ही कुरकुरलो होतो. आज आभार मानते.

तयार ॲम्प्लिफायर बाजारात मिळतो. मी किट आणलं. त्यातला आराखडा चू मॉय या अमेरिकन हौशी माणसाचा. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी तो सगळ्यांसाठी खुला केला, आणि जगभरच्या नवशिक्यांनी तो गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत बसवला. ‘सीमॉय’ या नावानेच तो ओळखला जातो. सगळे मिळून वीस-बावीस भाग. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. घरातल्या विजेशी संबंध नाही, म्हणून शॉकची भीती नाही.

आतलं काम सुंदर आहे. ४.७ किलोओहमचे दोन सारखे रोधक बॅटरीचे नऊ व्होल्ट मधोमध वाटतात, साडेचार वर आणि साडेचार खाली. त्या मधल्या बिंदूभोवती आवाजाची लाट झोका घेते. मग आठ पायांची एक आयसी. तिच्यात डाव्या आणि उजव्या कानासाठी दोन ॲम्प्लिफायर असतात. आवाज किती पट करायचा हे दोन रोधकांचं गुणोत्तर ठरवतं. दहा किलोओहम आणि एक किलोओहम घातले तर अकरा पट. मला तेवढं नको होतं. एकच्या जागी ४.७ घातला, झालं साधारण तीन पट. एक रोधक बदलला आणि यंत्राचा स्वभाव बदलला! हीच डबी मी आता स्पीकरच्या ॲम्प्लिफायरच्या आधी प्रीॲम्प म्हणूनही जोडते.

आता खरी गोष्ट. मी इंजिनिअर आहे, पण सोल्डरिंग आयर्न हातात धरलं ते वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. आठवीत मुलगे वर्कशॉपला जायचे आणि आम्ही मुली शिवणाला. पुढे कॉलेजच्या प्रयोगशाळेत चौघांचा गट असायचा. मुलगे सर्किट जोडायचे, अक्षर चांगलं म्हणून जर्नल आम्ही लिहायचो. कुणी अडवलं नाही, पण कुणी आयर्न पुढेही केलं नाही. वीस वर्षं कोड लिहिला, माझ्या हातून झालेली एकही वस्तू मुलीला दाखवता येत नव्हती.

आणि गंमत अशी, की त्या दिवशी कामाला आलं ते शिवणच. शिवणाच्या बाई म्हणायच्या, टाका उलट्या बाजूने तपासा. सोल्डरिंग, म्हणजे आपले आजोबा ज्याला डाख देणं म्हणत, ते बोर्डाच्या उलट्या बाजूनेच होतं. आयर्नचं टोक एकाच वेळी तारेला आणि बोर्डावरच्या तांब्याला टेकवायचं, दोन सेकंद थांबायचं, मग डाखाची तार लावायची. चांगला जोड छोट्या डोंगरासारखा आणि चकचकीत दिसतो. वाईट जोड गोळ्यासारखा आणि मळकट. सुईत दोरा ओवलेल्या हाताला हे पटकन जमतं.

माझी नववीतली मुलगी रंगांच्या पट्ट्या वाचत होती: तपकिरी, काळा, नारिंगी म्हणजे दहा किलोओहम. आधी बुटके भाग, मग उंच. कॅपॅसिटरचा लांब पाय अधिक बाजूला. आयसी सगळ्यांत शेवटी, आणि तीही मल्टीमीटरवर दोन्हीकडे साडेचार व्होल्ट दिसल्यावरच. मग स्वस्तातला इअरफोन लावून, आवाज अगदी कमी ठेवून पहिली चाचणी. तो वाजल्यावर चांगले हेडफोन लावले आणि किशोरीताईंचा भूप ऐकला. चमत्कार वगैरे झाला नाही. पण मागचा तानपुरा स्पष्ट ऐकू आला. मुलगी म्हणाली, “आई, हे आपण केलं?”

तो प्रश्न मला आपल्या शाळेत ऐकायचा आहे. म्हणून एक प्रस्ताव मांडते. आपल्या वर्गाच्या निधीतून नववीसाठी वीस किट, दहा सोल्डरिंग आयर्न, पाच मल्टीमीटर आणि डोळ्यांचे चष्मे घेऊ या. वर्षातले चार शनिवार मी स्वतः शिकवायला येईन. खिडक्या उघड्या ठेवायच्या, काम झाल्यावर साबणाने हात धुवायचे, एवढी शिस्त पुरे. अट एकच. मुलगे आणि मुली अर्धे-अर्धे, आणि जर्नल आळीपाळीने. शिवणाचे तासही दोघांना मिळाले तर फारच छान. मुलग्यांनाही उलटी बाजू तपासायची सवय लागेल.

ज्यांना यात हात लावायचा आहे त्यांनी चहाच्या वेळी मागच्या टेबलापाशी यावं. डबी उघडून ठेवली आहे. आधी उलटी करून बघा.