आंत्रपेशींतील अदृश्य वंशवृद्धी



ज्या नगरीत 1898 साली रोनाल्ड रॉस यांनी पक्ष्यांच्या हिवतापाच्या जंतूचा माग डासाच्या लालाग्रंथीपर्यंत काढला, आणि जेथे शंभुनाथ डे यांनी सशाचे आतडे बांधून केलेल्या प्रयोगांनी पटकीचे विष 1959 साली जगापुढे सिद्ध केले, त्या कोलकात्यात अध्यक्ष म्हणून उभे राहताना माझ्या मनात कृतज्ञतेइतकेच दडपणही आहे. डे यांचे नाव मी केवळ स्थलमाहात्म्यासाठी घेत नाही. पटकीचा जंतू आतड्याच्या पेशीत शिरत नाही, तो दाराबाहेर राहून विष सोडतो, हे त्यांच्या कार्यामुळे स्पष्ट झाले. आणि ज्या जीवांविषयी मला आज बोलावयाचे आहे त्यांची सारी करणी त्या दाराच्या आत चालते.

अमीबा एकाचा दोन होतो, हे आपण शाळेत शिकलो. एकपेशीय जीवांच्या अलैंगिक प्रजननाचे ते चित्र मनावर इतके ठसले आहे की, आतड्याच्या पेशीत वस्ती करणाऱ्या कॉक्सिडिया वर्गापुढे ते पार अपुरे पडते याची जाणीवही अनेकांस होत नाही. येथे जीव पेशीत शिरतो, वाटोळा होतो, पेशीच्या अन्नावर पोसतो. त्याचे केंद्रक पुनःपुन्हा दुभंगत जाते, परंतु देह मात्र अखंडच राहतो. आणि केंद्रकांची संख्या भरली म्हणजे प्रत्येकाभोवती जीवद्रव्याचा थोडा थोडा अंश गोळा होऊन सारी संतती जवळजवळ एकदम वेगळी होते, पेशी फुटते, आणि बाहेर पडलेले जीव नव्या पेशींत दाखल होतात. पाश्चात्य ग्रंथांत यास शायझोगोनी म्हणतात. मी बहुखंडन म्हणतो, कारण विभाजन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दोनच वाटे येतात.

याचा हिशेब आपल्याकडील कुक्कुटपालकांस फार महागात पडत आलेला आहे. ते ज्या रोगास रक्ती हगवण म्हणतात, त्याचे एक प्रमुख कारण आयमेरिया टेनेला हा जीव होय. शेडमधील तुसाच्या गादीतून कोंबडीच्या पोटात गेलेल्या एका पक्व पुटीतून आठ जीव सुटतात. अंधांत्राच्या पेशीत शिरलेल्या एकाचे पहिल्या बहुखंडनात सुमारे नऊशे होतात, आणि त्यांतील प्रत्येकाचे दुसऱ्या पिढीत दोनशे ते साडेतीनशे. सारेच तगत नाहीत हे खरे; तरी कागदावरची बेरीज एका पुटीमागे चौदा लाखांच्या पुढे जाते. ही दुसरी पिढी अस्तराच्या खोल थरात वाढते, आणि ती फुटू लागली म्हणजे पाचव्या दिवसाच्या सुमारास विष्ठेत रक्त दिसते. लैंगिक अवस्था त्यानंतरची. नव्या पुट्या विष्ठेत उतरतात त्या सातव्या दिवसाच्या आसपास. म्हणजे आपल्या दप्तरी ज्या पुटीची नोंद होते, ती अपराध्याने मुलूख लुटून पाठ फिरविल्यानंतरची असते. माझे आजचे सारे सांगणे या दोन दिवसांच्या अंतराभोवती आहे.

मनुष्याच्या बालकांत हे अंतर अधिक क्लेशदायक ठरते. क्रिप्टोस्पोरिडियम हा जीव टिझर यांनी 1907 साली उंदराच्या जठरात पाहिला. माणसात तो 1976 साली प्रथम ओळखला गेला. त्याची राहणी विलक्षण आहे. तो पेशीच्या माजघरात जात नाही; पेशीचेच आवरण अंगावर ओढून घेऊन ओसरीवर मुक्काम करतो, आणि तेथूनच आतील कोठार रिते करतो. एकाचे आठ, आठांचे चौसष्ट, चौसष्टांचे पाचशे बारा: 2022 साली प्रसिद्ध झालेल्या, जिवंत परोपजीवीचे सतत निरीक्षण करणाऱ्या संशोधनानुसार अशा तीन पिढ्या झाल्या की हा जीव अलैंगिक मार्ग सोडून नर-मादी युग्मके निर्माण करतो. आयमेरियाची मुदत पिढ्यांबरोबर संपते, नवी लागण न झाल्यास पक्षी मोकळा होतो. क्रिप्टोस्पोरिडियमच्या काही पुट्या मात्र त्याच आतड्यात उघडतात आणि हिशेब पुन्हा पहिल्या आकड्यापासून सुरू होतो. कुपोषित मुलाचे शरीर त्यास आवर घालू शकत नाही.

2007 ते 2011 या काळात आशिया व आफ्रिकेतील सात ठिकाणी बालकांच्या तीव्र अतिसाराची जी मोठी पाहणी झाली, तीत कोलकाता हे एक ठिकाण होते. 2013 साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा रोटाविषाणूच्या पंक्तीला हा जीव चार प्रमुख कारणांत बसलेला आढळला, आणि एक ते दोन वर्षे वयाच्या मुलांत त्याचा मृत्यूशीही संबंध दिसून आला. पाण्यातील क्लोरिनला त्याची पुटी दाद देत नाही. उकळल्याने ती मरते. परंतु ज्या वस्तीत चुलीला इंधन मोजून मिळते तेथे पाणी उकळा हा हुकूम किती दिवस पाळला जाईल, याचा विचार आरोग्यखात्याच्या आदेशपत्रकांत मला क्वचितच आढळला आहे.

माझ्या उमेदवारीच्या काळात एका वर्षाच्या मुलाच्या मलपरीक्षेवर परोपजीवी आढळला नाही असा शेरा लिहून मी सही केली होती. नेहमीच्या तपासणीत ही इवली पुटी, मिलिमीटरचा जेमतेम दोनशेवा भाग, यीस्टच्या पेशींत सहज हरवते हे मला पाठ होते, तरी मी वेगळे रंजन मागितले नाही. आणि त्या रंजनास लागणारे, क्षयरोग्यांचे बेडके तपासावयाचे कार्बोल फुक्सिन त्याच टेबलावर होते. मूल परत आले तेव्हा त्याची मनगटे माझ्या दोन बोटांत मावत होती. त्या दिवशी केलेल्या काचपट्टीवर निळ्या पार्श्वभूमीवर लाल ठिपके जागोजाग विखुरलेले होते. आजाराचा तो तेरावा दिवस होता.