स्वच्छ पाण्यातलं मरण

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

घरात नवा फिश टँक आला की पहिले चार दिवस टीव्हीकडे कुणी फिरकत नाही. दोन गोल्डफिश, चार गप्पी, दोन-तीन मॉली, एखादी एंजल अशी सगळी मंडळी एकाच टाकीत फिरत असतात. मग आठवडा उलटायच्या आत एक मासा पाण्यावर तरंगताना दिसतो. दुसऱ्या दिवशी आणखी एक. अंगावर जखम नाही, डाग नाही, पाणी तर आरशासारखं. दुकानदार म्हणतो, 'मासा कमजोर असेल, दुसरा न्या.' घरातलं वडीलधारं माणूस म्हणतं, 'घरावरचं संकट त्यानं अंगावर घेतलं.' या दोन्ही उत्तरांनी आपली सुटका होते. उरलेल्या माशांची होत नाही.

खरं कारण बहुतेक वेळा त्या आरशासारख्या पाण्यातच असतं. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. तळाशी कुजणाऱ्या खाण्यातूनही अमोनियाच तयार होतो. नदीत तो विरून जातो, पन्नास लिटरच्या टाकीत मात्र साठत राहतो. त्याला रंग नसतो. माशाचा जीव घेण्याइतका झाला तरी आपल्या नाकाला त्याचा पत्ता लागत नाही.

निसर्गात हे विष संपवण्याचं काम जिवाणू करतात. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९०च्या सुमारास त्यांचा छडा लावला. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. ही दोन्ही कामं एकट्यानं करणारे जिवाणू २०१५ साली सापडले. त्यांतले काही तर मत्स्यपालनाच्या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेतच होते! मधलं नायट्राइटही घातकच. त्यामुळे माशाचं रक्त तपकिरी पडतं आणि प्राणवायू वाहून नेईनासं होतं. मग पाण्यात हवा असूनही मासा वर येऊन तोंड उघडझाप करत राहतो. शेवटचं नायट्रेट त्या मानानं सौम्य. ते थोडं थोडं पाणी बदलून काढता येतं.

हे जिवाणू राहतात फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर, काचेवर. नव्या टाकीत ते जवळजवळ नसतातच. त्यांची वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि आपण पहिल्याच दिवशी डझनभर मासे सोडतो.

पुढचा घोळ होतो तो स्वच्छतेच्या हौसेपायी. एक मासा मेला की सगळी टाकी रिकामी करायची, वाळू खसाखसा धुवायची, स्पंज नळाखाली धरायचा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. जी काही वस्ती बसत आलेली असते, ती त्यात मरते. तेच पाणी तसंच टाकीत भरलं तर माशांचे कल्लेही भाजतात. बोअरच्या पाण्यात बहुधा क्लोरीन नसतं, पण त्याचा सामू म्हणजे पीएच पुष्कळदा जास्त असतो. सामू सातवरून आठवर गेला की अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो.

मग करायचं काय? दह्याला विरजण लागतं, तसंच टाकीलाही. ओळखीच्या कुणाकडे जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधल्या स्पंजचा तुकडा मागून आणा. दही एका रात्रीत लागतं, इथे मात्र धीर हवा. सुरुवातीला दोन-तीनच चिवट मासे सोडा. दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं घाला. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला. त्या पाण्यातलं क्लोरीन दुकानात मिळणाऱ्या अँटिक्लोरीननं आधी घालवा. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळा. वीज गेली तरी फिल्टर फार वेळ बंद राहू देऊ नका. जिवाणूंनाही प्राणवायू लागतो.

शेजारही पारखून निवडा. गोल्डफिश थंड पाण्यातला, खादाड आणि भरपूर घाण करणारा. गप्पी आणि एंजल कोमट पाण्यातले. एंजल मोठी झाली की छोट्या निऑन टेट्राला गिळून टाकते.

आणि एवढं करूनही मासा मेला, तर त्याच्या जागी लगेच दुसरा आणू नका. आधी अमोनिया आणि नायट्राइट तपासा. थेंब टाकून रंग पाहायचे संच मिळतात, आठ-दहा वर्षांचं मूलही मोठ्यांच्या देखरेखीखाली ही तपासणी करू शकतं. दोन्ही आकडे शून्य येईपर्यंत थांबा. तळ्यातल्या माशाला पाणी बिघडलं की दुसरीकडे जाता येतं. काचेतल्याला आपण देऊ त्याच पाण्यात श्वास घ्यावा लागतो. म्हणून तो का मेला, हे शोधणं आपल्याकडेच येतं.